हितगुज म्हणजे काय? गूज, गुपित आणि विश्वास या शब्दांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शब्दांचे अर्थ आणि त्यांची मुळं शोधायची मला शाळेपासूनची आवड, आणि त्यातही 'हितगुज' हा माझा सगळ्यात लाडका शब्द. त्याच्याबद्दल मैत्रिणी, भाचरं, ऑफिसातली मंडळी जे जे विचारत आलीत ते एकदाच नीट लिहून ठेवतेय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे मी रेंगाळलेय.

हितगुज म्हणजे नक्की काय? नुसत्या गप्पा का?

नाही, नुसत्या गप्पा नाहीत. गप्पा कुणाशीही होतात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईशी सुद्धा होतात. हितगुज म्हणजे ज्याच्यावर आपला पूर्ण भरवसा आहे अशा माणसाशी मनातलं, जे चारचौघात बोलणार नाही असं काहीतरी बोलणं. त्यात दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे आतलं काहीतरी आणि दुसरी म्हणजे ते ऐकणारं आपलं माणूस. दोन्हीपैकी एक जरी नसलं तरी ते हितगुज नाही, मग ती चर्चा असेल, चौकशी असेल, चहाटळपणा असेल, काहीही असेल.

हा शब्द आला कुठून?

'हित' आणि 'गूज' असे दोन तुकडे आहेत. त्यातलं गूज आधी बघू कारण त्याची गोष्ट फार सुंदर आहे.

संस्कृतमध्ये 'गुह्' असा धातू आहे, अर्थ झाकणं, लपवणं. त्याच्यापासून गुहा, गूढ, गुह्य हे शब्द झाले. म्हणजे डोंगरातली गुहा आणि मनातलं गूज ही सख्खी भावंडं आहेत, दोन्ही आत आहेत, दोन्ही बाहेरून दिसत नाहीत. आता 'गुह्य' हा शब्द संस्कृतातून प्राकृतात आला तेव्हा त्याचा 'गुज्झ' झाला आणि तिथून मराठीत 'गूज' झाला. हे काही एकट्या गुह्यचंच झालं असं नाही, प्राकृतात 'ह्य' आणि 'ध्य' या दोघांचाही 'ज्झ' व्हायचा, म्हणून मह्यम् चा मज्झ होऊन आपल्याकडे 'मज' आला, संध्येची सांज झाली, वंध्येची वांझ झाली, आणि मध्यचा मज्झ होऊन 'माज' झाला.

हा माज म्हणजे मस्तीवाला माज नाही. हा माज म्हणजे मधला. माजघर! घरातली मधली खोली.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, कारण माझ्या आजोळच्या घरी माजघर होतं, ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये, खिडकी नसलेलं, भर दुपारी सुद्धा अंधारलेलं, आणि घरातल्या बायकांचं सगळं खरं बोलणं तिथेच व्हायचं. ओटीवर पुरुष मंडळी आणि आलागेला, स्वयंपाकघरात कामाची घाई, पण दुपारी जेवणं आवरली की आजी आणि शेजारच्या काकू माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायच्या. आवाज हळूहळू खाली जायचा. मी तिथेच उलथंपालथं पडून झोपल्याचं सोंग करायचे. कधीतरी काकू बोलता बोलता थांबायच्या, मग नुसता सुपातल्या तांदळाचा आवाज यायचा, खडा बाजूला टाकल्याचा टक असा आवाज यायचा, आणि मग आजी म्हणायची, "बोल गं, झोपलीय ती." मी झोपलेली नसायचे हे आजीला पक्कं माहीत असायचं असं मला आता वाटतं.

तर 'गूज' आणि 'माजघर' हे दोन्ही शब्द एकाच वाटेने, ज्झ च्या वाटेने मराठीत आलेत. आणि शेवटी एकाच खोलीत जाऊन बसले.

मग 'हित' कशाला जोडलंय? गूज पुरेसं नव्हतं का?

गूज एकटंही वापरतात की, अंतरीचं गूज, मनीचं गूज, गुजगोष्टी. पण हित जोडल्यावर त्यात माया आली. ज्याला आपलं भलं हवंय अशा माणसाशी बोललेलं गूज, किंवा दोघांच्या भल्याचं गूज, दोन्ही अर्थ लागतात.

आता 'हित' या शब्दाच्या पोटात शिरा. संस्कृतात हित हे 'धा' या धातूपासून झालंय आणि धा म्हणजे ठेवणं. हित म्हणजे मुळात 'ठेवलेलं', मग 'नीट, योग्य जागी ठेवलेलं', मग 'चांगलं, भल्याचं'. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला, निहित म्हणजे आत ठेवलेलं, विहित म्हणजे ठरवून ठेवलेलं. श्रद्धा या शब्दातही हाच धा आहे. म्हणून मला हितगुज या शब्दात नेहमी ठेव दिसते, बँकेतली नव्हे, पण तशीच. एकाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. हा अर्थ मी लावतेय, शब्दकोशात हितगुजचा अर्थ असा दिलेला नसतो हे सांगून टाकते.

आणि अजून एक. गीतेच्या अठराव्या अध्यायात ६४ व्या श्लोकात हे दोन्ही शब्द एकत्र येतात. कृष्ण अर्जुनाला म्हणतो की सगळ्यात गुह्य असं माझं बोलणं पुन्हा ऐक, तू मला फार आवडतोस म्हणून तुझ्या हिताचं सांगतो. 'सर्वगुह्यतमं' ने श्लोक सुरू होतो आणि 'वक्ष्यामि ते हितम्' ने संपतो. एका टोकाला गुह्य, दुसऱ्या टोकाला हित, आणि मध्ये 'इष्टोऽसि मे', तू माझा लाडका आहेस. मराठी शब्द यावरूनच बनला असा माझा अजिबात दावा नाही, पण हितगुज कशाला म्हणायचं हे एका श्लोकात बघायचं असेल तर हा श्लोक बघावा.

जुन्या मराठीत हा शब्द सापडतो का?

गूज आणि गुह्य हे दोन्ही ज्ञानेश्वरीत आहेत, म्हणजे १२९० सालच्या मराठीत. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर महाराज जे सांगतात ते मला कायम आठवतं: जे कृष्णाने बापाला म्हणजे वसुदेवाला सांगितलं नाही, आई देवकीला सांगितलं नाही, भाऊ बलभद्राला सांगितलं नाही, ते गुह्य तो अर्जुनाशी बोलतोय. बघा ना, तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा ग्रंथ आणि त्यात माउली थांबून हे सांगतात की हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईबापांना न सांगितलेली गोष्ट मित्राला सांगणं, हे आपण सगळ्यांनी केलंय. रणांगणावर, दोन सैन्यांच्या मधोमध, आणि तरीही ते दोघांतलं बोलणं. मला तर वाटतं की ज्ञानेश्वरी वाचायला घाबरणाऱ्या माणसाने ही ओवी आधी वाचावी, मग भीती जाते.

'गुज' की 'गूज'? 'हितगुज' की 'हितगूज'?

नियमाने गूज, दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, नंतर १९७२ मध्ये त्यात चार नियमांची भर पडली, या नियमांत असं आहे की मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. जसं फूल, मूल, गूळ. आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व, फुलाचा, मुलाला, गुळाचा, गुजाचा. त्या हिशोबाने हितगूज बरोबर. पण लोक सर्रास हितगुज लिहितात, बोर्डावर, पत्रिकेत, सगळीकडे, आणि माझ्याही बोटांना तीच सवय आहे म्हणून इथे हितगुजच लिहिलंय. परीक्षेत मात्र दीर्घ लिहा.

उच्चार करताना यातला ज 'जवळ' मधला आहे, 'जीवन' मधला नाही. आणि शब्द नपुंसकलिंगी आहे, ते हितगुज. 'हितगुज केली' असं हल्ली ऐकू येतं, ते कानाला खटकतं.

गूज, गुपित, रहस्य हे सगळं एकच ना?

रोजच्या बोलण्यात चालून जातं. पण मुळं बघितली की तिघांचे तीन स्वभाव दिसतात आणि मग आपण आपोआप नीट वापरायला लागतो.

गूज म्हणजे झाकलेलं, ते वर आलंच. गुपित हे 'गुप्' पासून, आणि गुप् म्हणजे राखणं, सांभाळणं. या धातूचं मूळसुद्धा गोड आहे, 'गोपा' म्हणजे गाई राखणारा, त्या शब्दावरून हा धातू तयार झाला असं अभ्यासक मानतात. म्हणजे गुपित ठेवणारा माणूस हा मुळात गुराखी! हरवू द्यायचं नाही, भलत्याच्या रानात शिरू द्यायचं नाही, संध्याकाळी मोजून परत आणायचं. आणि रहस्य हे 'रहस्' पासून, म्हणजे एकांत, माणसांपासून दूर. विरह त्याच घरातला शब्द आहे. म्हणून जंगलातल्या वाड्याचं रहस्य असतं, तिथे एकांत असतो, पण बहिणीने सांगितलेलं ते गुपित असतं, कारण ते तुम्हाला राखायचं असतं. 'बहिणीचं रहस्य' म्हटलं की लगेच सिनेमा सुरू झाल्यासारखं वाटतं.

'विश्वास' हा शब्द 'विश्व' वरून आलाय का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. नाही. विश्वचा काही संबंध नाही, फोड 'वि + श्वास' अशी आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणं. विश्वास म्हणजे मोकळा श्वास घेता येणं, निर्धास्त होणं. 'आश्वासन' सुद्धा तिथलंच, दुसऱ्याला श्वास घेऊ देणं, धीर देणं. देवस्थानाचे 'विश्वस्त' असतात तेही तिथलेच.

हे कळल्यापासून मला विश्वास हा शब्द अंगात जाणवतो. आपण एखाद्याजवळ काही बोलायचं ठरवतो, छातीत धडधडत असतं, श्वास अर्धवट अडकलेला असतो, मग बोलून टाकतो, समोरचा माणूस नुसता "हं" म्हणतो, हात धरतो, आणि आपण हुश्श करतो. ते हुश्श म्हणजे विश्वास. ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा केला त्यांनी माणसाकडे किती जवळून बघितलं असेल.

आणि मराठीने त्याच्यावर अजून एक काम केलंय, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आपण विश्वास 'ठेवतो'. भरवसाही ठेवतो. आणि गुपितही 'ठेवतो'. क्रियापद एकच. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, तू माझं गुपित ठेवलंस. एक जण ठेवतो तेव्हा दुसऱ्यानेही ठेवायचं असतं, हा व्यवहार आपल्या भाषेत इतका पक्का बसलाय की वेगळा करार लागत नाही. आजी तर नुसतं "पोटात ठेव" म्हणायची, कुणाचं, काय, किती दिवस, काही नाही.

'विश्वास पानिपतात गेला' असं का म्हणतात?

विश्वासराव म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या लढाईत तो मारला गेला, अजून वीस वर्षांचाही नव्हता. तेव्हापासून कुणी 'माझ्यावर विश्वास नाही का?' म्हटलं की मराठी माणूस म्हणतो, विश्वास तर पानिपतात गेला. लोक हसत बोलतात हे वाक्य, पण मला त्यात हसू येत नाही, अडीचशेच्या वर वर्षं एका पोराचा मृत्यू आपण रोजच्या बोलण्यात सांभाळून ठेवलाय असं वाटतं.

त्याच लढाईची बातमी पेशव्यांना कशी कळली तेही इथे सांगायला हवं. नानासाहेब उत्तरेकडे निघालेले असताना वाटेत एका सावकारी पत्रातून त्यांना समजलं असं सांगितलं जातं. पत्रात होतं की दोन मोती गळाले, २७ मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार. खुर्दा म्हणजे बाकीची सगळी माणसं. सावकारांची आपसातली भाषा होती ती, बाहेरच्याने पत्र फोडलं तरी त्याला नुसता हिशोब दिसावा अशी. एका घराण्याचं, एका राज्याचं एवढं मोठं दुःख आणि ते असं हिशोबाच्या भाषेत झाकून आलं. गुह् म्हणजे झाकणं, ते आठवा.

गुपित फोडणाऱ्याला मराठीत काय म्हणतात?

खूप काही, आणि यावरूनच कळतं की हा त्रास जुना आहे.

माझी आवडती म्हण 'तोंडात तीळ भिजत नाही'. तीळ केवढासा, तोंडात टाकला की भिजलाच, पण काही माणसांच्या तोंडात तेवढाही वेळ गोष्ट टिकत नाही. मग 'पोटात राहत नाही', 'या कानाचं त्या कानाला कळू देऊ नको', 'भिंतीलाही कान असतात'. गोष्ट फुटली की बिंग फुटलं, बभ्रा झाला. आणि पेपरवाले म्हणतात 'बातमी षट्कर्णी झाली'.

षट्कर्णी बद्दल बरेच जण विचारतात. षट् म्हणजे सहा, कर्ण म्हणजे कान. जुनं सुभाषित आहे की सहा कानांत गेलेली मसलत फुटते, चार कानांत असेल तर टिकते. चार कान म्हणजे दोन माणसं, सहा म्हणजे तिसरा आला. थोडक्यात आपल्या पूर्वजांनी आकडाच देऊन टाकलाय, दोघांत ठेवा. मात्र षट्कर्णी म्हणजे सगळीकडे पसरलेलं असा अर्थ आज झालाय, मुळात ते फक्त एका माणसाने जास्त आहे. त्या एका माणसातच सगळं आलं म्हणा.

याच्या उलट, काहीच न सांगणाऱ्याला 'आतल्या गाठीचा' म्हणतात आणि ते काही कौतुक नाही. म्हणजे आपल्याला फोडणारा चालत नाही आणि अजिबात न बोलणाराही चालत नाही.

खासगी की खाजगी?

दोन्ही चालतं, मूळ खासगी. अरबी 'खास' वरून फारसीतून आलेला शब्द. आधी तो पैशाचा शब्द होता, राजघराण्याचं स्वतःचं उत्पन्न ते खासगी आणि राज्याचं ते वेगळं. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीच्या पैशातून. आपण आता 'खासगीत सांगतो' म्हणतो तेव्हा तो पैशातून मनात आलेला शब्द आहे.

इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याचं मूळही असंच आहे का?

वेगळं आहे. 'कॉन्फाइड', म्हणजे विश्वासाने मनातलं सांगणं, हा शब्द लॅटिनमधून आलाय, त्यात 'फिदेस' म्हणजे विश्वास आहे. कॉन्फिडन्स, कॉन्फिडेन्शिअल सगळे तिथले. कॉलेजातून आपण जे बोनाफाईड सर्टिफिकेट आणतो ना, त्यातला 'फाईड' पण तोच, बोनाफाईड म्हणजे चांगल्या विश्वासाने, खरेपणाने. म्हणजे त्यांच्याकडे एकाच मुळातून आत्मविश्वासही आला आणि गोपनीयही आलं. आपल्याकडे झाकलेल्या वस्तूसाठी एक शब्द, श्वासासाठी एक, राखण्यासाठी एक आणि मग त्या सगळ्यांवर माया ठेवणारा हितगुज. मला आपलं घर जास्त आवडतं हे उघड आहे.

'मंत्र्यांनी शेतकऱ्यांशी हितगुज साधले' हे बरोबर आहे का?

व्याकरणाने बरोबर. पण मला मनापासून वाईट वाटतं अशी बातमी वाचली की. मांडव घातलाय, माइक आहे, समोर पाचशे खुर्च्या, कॅमेरे लागलेत, आणि खाली बातमीत हितगुज. तो संवाद असेल, मेळावा असेल, भाषण असेल. हितगुज हा आवाज खाली आणायचा शब्द आहे आणि आपण त्याला लाउडस्पीकरवर चढवतोय. शब्द असाच वापरत राहिलं तर अजून वीस-पंचवीस वर्षांनी त्याचा अर्थ 'कार्यक्रम' एवढाच उरेल, आणि मग ज्या वेळी खरंच माजघरातलं बोलणं सांगायचं असेल तेव्हा आपल्याकडे शब्द नसेल. पत्रकार मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, संवाद लिहा.

मायबोली या वेबसाइटने आपल्या चर्चेच्या विभागाला हितगुज नाव दिलं तेव्हाची गोष्ट वेगळी होती असं मी मानते. परदेशात एकेकटे बसलेले मराठी लोक रात्री उशिरा लॉगिन करून मनातलं टाइप करायचे, वाचणारे बरेच असले तरी लिहिण्याचा सूर खाली आणलेला होता. तिथे तो शब्द शोभला.

हा बायकांचाच शब्द आहे का?

नाही, आत्ताच तर कृष्णार्जुनाचं सांगितलं. पण बायकांनी तो जास्त जपला हे खरं, कारण त्यांना बोलायला जागाच कमी होत्या. पहाटे जातं, दुपारी माजघर, पाणवठा, आणि माहेरपण.

जात्याचं तर विशेषच. दळताना म्हटलेल्या ओव्यांमध्ये काय नाही? सासूचा जाच आहे, भावाची वाट बघणं आहे, नवऱ्याचं टाकून बोलणं आहे, लेक सासरी निघाल्याचं दुःख आहे. घर झोपलेलं, दगडावर दगड फिरतोय, त्या घरघरीत आवाज मिसळून जायचा आणि बाई जे कुणाला सांगू शकत नाही ते जात्याला सांगायची, किंवा समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या जावेला, शेजारणीला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्या वाचताना मला आधी थोडं अवघडल्यासारखं झालं होतं, कुणाचं तरी हितगुज चोरून ऐकतोय असं. मग लक्षात आलं की त्या बायकांनी समोर बसून, आपल्या तोंडाने त्या सांगितल्यात, त्यांना त्या कुणीतरी ऐकायला हव्या होत्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि हातांचे हाल संपले ते चांगलंच झालं, पण बोलायची ती पहाट मात्र गेली.

व्हॉट्सअॅपवर हितगुज होतं का?

होतं. माझं आणि माझ्या मावसबहिणीचं वर्षानुवर्षं तिथेच चालतं, ती दुसऱ्या टाइमझोनमध्ये आहे.

पण एक सांगते. काही वर्षांपूर्वी मी घरातल्या एका आजारपणाबद्दल एका मैत्रिणीला लिहिलं होतं, रात्री दीडला, खूप मोठा मेसेज, काही न लपवता. दोन दिवसांनी आमच्या ओळखीच्या एका ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट आला, तिने काळजीपोटीच टाकला होता, 'हिला मदत करूया' म्हणून. तिचा हेतू वाईट नव्हता. मला मदतीचे फोनही आले. पण माझं वाक्य, माझ्या चुकलेल्या ऱ्हस्वदीर्घासकट, बेचाळीस लोकांच्या फोनवर पडलेलं बघून मला जे झालं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. तिने तेच माझ्या शब्दांऐवजी स्वतःच्या शब्दांत सांगितलं असतं, किंवा आधी एक फोन केला असता, "सांगू का गं?" एवढाच, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. माजघरात बोललेलं फुटायचं तेव्हा ते कुणाच्या तरी तोंडून फुटायचं, बदलून, कमीजास्त होऊन, आणि 'मी असं म्हटलंच नाही' म्हणायची सोय असायची. स्क्रीनशॉटमध्ये ती सोय नाही.

कायद्यात याला काही किंमत आहे का?

आहे. नवराबायकोंनी संसारात एकमेकांना सांगितलेलं कोर्टात उघड करायची सक्ती करता येत नाही (काही अपवाद आहेत, जसं दोघांमधलाच खटला असेल तर), हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२२ मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते संरक्षण आहे. वकिलाला सांगितलेल्या गोष्टींनाही वेगळं संरक्षण आहे. मानसोपचार घेणाऱ्याचं बोलणं गोपनीय ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक केलंय, त्यातही कुणाच्या जिवाला धोका असेल वगैरे अपवाद आहेत. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. मंत्री तर 'पद आणि गोपनीयतेची' शपथ घेतात, त्या गोपनीयतेतही आपला गुप्, गुराख्यावाला, आहेच.

म्हणून कुणाला मनातलं बोलायचंय पण घरात विश्वासाचं माणूस नाही असं असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात काहीच कमीपणा नाही. तिथे पोटात ठेवणं हे त्यांचं कामच आहे.

गूज आणि गुजरात यांचा काही संबंध?

नाही. गुजरात गुर्जरांवरून. 'गुजराण' फारसीतून. गुंज, गुंजन यांचाही संबंध नाही.

कुजबुज आणि हितगुज यात फरक काय, दोन्ही हळू आवाजातच ना?

हो, पण कुजबुज हा नुसता आवाज आहे, शब्दच त्या आवाजावरून झालाय. कुजबुज लांबून कळते आणि टोचते, आपल्याबद्दलच चाललीय असं वाटतं. हितगुज चाललंय हे लांबून दिसलं तर माणूस पाय न वाजवता मागे फिरतो.

लहान मुलांना गुपित ठेवायला कसं शिकवायचं?

मुलं शिकलेलीच असतात. आमच्या वेळी 'गळ्याची शप्पथ' होती, गळ्याला चिमटा घेऊन घ्यायची. आणि च ची भाषा होती, ती येत नसेल तर सांगते: शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला च लावायचा. मला पाणी हवं म्हणजे चलाम चणीपा चवंह. मोठ्यांसमोर धडाधड बोलायचो आणि त्यांना काही कळत नाही म्हणून खूश असायचो.

फक्त एक गोष्ट मुलांना स्वच्छ सांगून ठेवा, की एखाद्या मोठ्या माणसाने 'हे आईबाबांना सांगायचं नाही' असं म्हटलं आणि ते ऐकून पोटात कसंतरी झालं, भीती वाटली, तर ते गुपित राखायचं नसतं, लगेच येऊन सांगायचं, शप्पथ घेतलेली असली तरी. वाढदिवसाच्या केकचं गुपित वेगळं. माझ्या भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती सात वर्षांची होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जवळ येऊन माझ्या कानाला हात लावून म्हटलं, "चवशीमा, चतूं चला चलाम चंगसा." मला उलगडायला जरा वेळच लागला. मावशी, तूं ला मला सांग. 'तू मला सांग' असं म्हणायचं होतं तिला, च नीट जमला नव्हता.